पुण्यात अनंत लावायचा तर

नर्सरीतून कळ्यांनी लगडलेला अनंत आणायचा आणि तो पिवळा पडायला लागला की आणखी शेणखत घालायचं, हे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात चालतं. बिचाऱ्या झाडाला भूक लागलेलीच नसते. शेंड्याचं कोवळं पान नीट बघा. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल, तर त्याला लोह मिळत नाहीये. आपल्या काळ्या मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे तिचा सामू, म्हणजे पीएच, चढा असतो आणि ते मुळांना उचलता येत नाही. अनंताला सामू लागतो ५ ते ६.

म्हणून पुण्यात अनंत मी कुंडीतच लावायला सांगते. दोन भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पालापाचोळ्याचं कुजलेलं खत. काळी माती मूठभरही नको. बोअरचं पाणीही नको, त्यातल्या क्षारांनी सामू पुन्हा चढतो. नळाचं चालतं, पिंपात साठवलेलं पावसाचं सगळ्यात चांगलं. तरीही पानं पिवळी पडली, तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, द्या, पण पाकिटावर ‘ईडीडीएचए’ असेल तेच घ्या. ‘ईडीटीए’वालं स्वस्त मिळतं, पण चढ्या सामूत ते टिकत नाही.

सकाळचं ऊन हवं, एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली. कुंडी एकदा खडखडीत वाळली की कळ्या गळतात, मग कितीही पाणी ओता. मातीवर वाळक्या पानांचा थर ठेवा. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, दिसला तर निंबोळी अर्क फवारा. बहर संपला की लगेच छाटणी करा, आणि छाटलेल्यांपैकी ना फार कोवळ्या, ना फार निबर अशा फांद्यांचे वीतभर तुकडे पावसाळ्यात सावलीत लावून टाका, बरेच जगतात.

फूल काढायचं ते सकाळी लवकर, कळी सैल होऊन पाकळ्या सुटायला लागल्या की, पानांच्या जोडीसकट. पाकळीला बोट लावू नका. जिथे स्पर्श होतो तिथे ती तपकिरी पडते, आणि एवढ्या पांढऱ्या फुलावर तो डाग फार वाईट दिसतो.

फुलदाणीत भरीला हिरवं हवं असेल तर कुंपणाला कुंती लावा. तिला काळी माती चालते, पानं बारमाही तकतकीत राहतात आणि छाटाल तितकी ती दाट होते. तिच्या फांद्या मात्र कोवळ्या काढू नका, लगेच माना टाकतात. पान गडद हिरवं आणि जाड झालं की मगच कात्री लावा.