लांबच्या रोड ट्रिपवर दाढी-कटिंगचं कसं जमवायचं

मे-जून आला की पुण्यातून कुणी ना कुणी गाडीला सॅडलबॅगा बांधून लेहला निघतंच, आणि निघायच्या आधी टायर, पंक्चर किट, जर्किन, गोळ्या सगळ्यावर तासन् तास बोलणं होतं पण दाढी-कटिंगचा विषय कुणी काढत नाही. आठ-दहा दिवसांचं असेल तर वाढू द्या, घरी येऊन उडवा. पण महिना-दीड महिना बाहेर असाल किंवा सायकलवर तीन-चार महिने, तर घरातूनच ठरवून निघा, कारण धूळ, घाम, हेल्मेट आणि अनोळखी वस्तरा हे सगळं एकाच चेहऱ्यावर येतं आणि हनुवटीखाली फोड आले की हेल्मेटचा पट्टा बांधणं पण नकोसं होतं. मी हे भोगलंय, पुढे सांगतो.

कटिंग निघायच्या तीन-चार दिवस आधी करा, आदल्या दिवशी नको. एक तर पुण्यात सोमवारी सलून बंद आणि रविवारी ही गर्दी, आणि दुसरं म्हणजे भरपूर केस काढले तर हेल्मेट सैल होतं. नव्या कटिंगवर हेल्मेट घालून लवासा नाहीतर ताम्हिणीपर्यंत एक चक्कर मारा, हलतंय का बघा, हलत असेल तर आतलं पॅड बदलून घ्यायला वेळ राहतो. कट असा घ्या की वाढला तरी महिनाभर चालेल. बाजूने फेड (खाली बारीक, वर जाताना वाढत जाणारे केस) वगैरे दिसतो छान पण दोन आठवड्यांत त्याचा आकार जातो आणि परत तसाच करणारा माणूस वाटेत मिळेलच असं नाही. साईडला मशीन, वर कैची, एवढं साधं ठेवा.

आणि आपला मशीनचा नंबर पाठ करून ठेवा. हे फार कामाचं आहे. 1 नंबर म्हणजे साधारण 3 मिलिमीटर, 2 म्हणजे 6, 3 म्हणजे 10, 4 म्हणजे 13. भाषा येत नसली तरी बोटं दाखवून काम होतं. आवडती कटिंग झाली की मागून आणि बाजूने एक-एक फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, "थोडा छोटा करो" याचा अर्थ प्रत्येक गावात वेगळा निघतो.

आता दुकानातली गोष्ट. चार वर्षांपूर्वी राजस्थानात एका हायवेवरच्या गावात दाढीला बसलो, दमलो होतो, डोळे मिटले, आणि त्याने ब्लेड बदललं की नाही हे बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी गळ्यावर पुळ्या, पाचव्या दिवशी पू, आणि पुढचा आठवडा हेल्मेटचा पट्टा रुमाल गुंडाळून बांधला, शेवटी डॉक्टरांकडे जाऊन अँटिबायोटिक घ्यावं लागलं. माझं फोडांवर भागलं. जुन्या ब्लेडमधून हिपॅटायटिस बी आणि सी जाऊ शकतो, आणि बी चा व्हायरस तर शरीराबाहेर निदान सात दिवस टिकतो, म्हणजे कालच्या गिऱ्हाईकाचं नाही तर मागच्या आठवड्यातल्या गिऱ्हाईकाचं पण तुम्हाला मिळू शकतं. बी ची लस आहे, तीन डोस, पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात, त्यामुळे मोठा प्रवास ठरला की सगळ्यात आधी ते सुरू करा.

दुकानात गेल्यावर मी आता तीन गोष्टी करतो. ब्लेडचं पाकीट स्वतःचं देतो, "भैया ये लगा दो" म्हणून, आणि तो कागदातून काढून अर्धं तोडून वस्तऱ्यात घालेपर्यंत डोळे उघडे. अजून कुणी राग मानलेला नाही, खिशातून नवीन पाकीट काढून दिलं की ते पण समजून घेतात. कंगवा आपला. टॉवेल पण आपला, कारण गजकर्ण टॉवेलमधून आणि मशीनच्या पात्यातून पसरतं आणि घामात तर लगेच वाढतं. झालंच तर मेडिकलमधून खाज थांबवणारं मिक्स क्रीम आणून चोळू नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. सरळ स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.

दाढी सुलटीच करा, म्हणजे केसांच्या दिशेने एकच हात. उलटा हात मारला की गुळगुळीत होते खरी पण केस आत वळून वाढतात आणि त्यावर हेल्मेटचं घासणं, मग फोड ठरलेले. शेवटी तुरटी फिरवायला सांगा, तीही आपलीच खडी असेल तर उत्तम.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतोय. डोक्याचं मालिश जरूर घ्या, आठ तास गाडी चालवून आल्यावर त्याच्यासारखं सुख नाही. पण ते मान धरून कडाक् करतात ते करू देऊ नका. बसायच्या आधीच सांगा, "गर्दन मत मोड़ना". मानेतून मेंदूला रक्त नेणारी शीर आतून फाटू शकते आणि त्यातून स्ट्रोक येतो. तरुण माणसांना पण.

वार लक्षात ठेवा. आपल्याकडे सोमवार बंद, तसं उत्तरेत बऱ्याच ठिकाणी मंगळवारी बंद. थायलंडपर्यंत सायकल नेणार असाल तर तिथे बुधवारी केस कापणं अशुभ मानतात, जुन्या पद्धतीची दुकानं बुधवारी बंद मिळतील. लेहला जाताना शेवटची कटिंग मनालीत किंवा त्याच्या खालीच उरकून घ्या, पुढे थेट लेहलाच बघा.

स्वतः करायचं असेल तर सामान थोडंच लागतं: यूएसबीवर चार्ज होणारा ट्रिमर, साधं सेफ्टी रेझर, ब्लेडची दोन पाकिटं, क्रीमची छोटी ट्यूब, तुरटी, छोटा आरसा. स्प्रेचा फोम घेऊ नका, जागा फार खातो. रविवार पेठेत बोहरी आळीत एक चक्कर मारली तर यातलं बरंचसं एका फेरीत होतं. पाणी कमी असेल तर एक स्टीलचा मग भरून घ्या, तेवढ्यात पूर्ण दाढी होते, नळ लागत नाही. क्रीम संपलं तर साबणापेक्षा खोबरेल तेलाचे चार थेंब बरे, साबणाने कातडी ओढते. रेझर पुसून कोरडं करून ठेवा. वापरलेली ब्लेडं कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागतात, झाकणाच्या डबीत साठवून घरी आणा.

डोक्यावर ट्रिमर चालवताना केस कोरडे हवेत आणि नेहमी मोठ्या नंबरापासून सुरुवात करा. गार्ड (पात्यावर बसवायचा नंबरचा कंगवा) नीट बसला का ते हाताने दाबून बघा, मध्येच निसटला तर टक्कल पडल्यासारखा पट्टा येतो आणि मग सगळंच झिरो करावं लागतं. मागची मान सोबतच्याला करायला सांगा. लॉजच्या बेसिनमध्ये केस टाकू नका, बाहेर अंगणात बसा. थंडीत ट्रिमरची बॅटरी पटकन उतरते, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आणि परत येताना गाडी ट्रान्सपोर्टने पाठवून विमानाने येणार असाल तर सुटी ब्लेडं चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये काढून घेतात.

वर गेल्यावर माझं मत असं की गुळगुळीत दाढी करूच नका. हवा कोरडी, पाणी बर्फासारखं, छोटी चीर पण लवकर भरत नाही. उंचीवर दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात आणि लेहच 3500 मीटरवर आहे, त्यामुळे टक्कल करून गेलात तर डोकं भाजून निघेल. ट्रिमरने 3 मिलिमीटर ठेवली की बफ, म्हणजे गळ्यातून तोंडावर ओढायचं नळीसारखं कापड, ते पण नीट बसतं. मात्र धुळीसाठी एन-95 वापरत असाल तर दाढीमुळे तो चेहऱ्याला चिकटत नाही आणि कडेने धूळ आत जाते, तेव्हा मास्क महत्त्वाचा असेल तर दाढी काढावीच लागेल. दाढी ठेवलीत तर रोज रात्री धुवा, आतून धूळ निघून पाणी मातकट होतं.

लांब केस असतील तर, बायका असोत की पुरुष, मानेशी सैल वेणी, वर पातळ सुती कापड आणि मग हेल्मेट. अंबाडा घालून हेल्मेट बसत नाही.

सगळ्याच प्रवासांना हे लागू नाही. बाबांनी ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमा उचलली तेव्हा केस, दाढी, नखं काही कापलं नाही, तसा परंपरेचा नियमच आहे, ते रोज मैयेत अंघोळ करून दाढीला बोटाने तेल लावायचे आणि चार महिन्यांत एक पुळी आली नाही. आणि वारीत उलट, पालख्या पुण्यात भवानी पेठ, नाना पेठेत मुक्कामाला असतात तेव्हा नाभिक मंडळी रस्त्यावर खुर्च्या टाकून वारकऱ्यांची मोफत दाढी-कटिंग करतात. मी दरवर्षी तिथे ब्लेडची पाकिटं नेऊन देतो, ज्यांना जमेल त्यांनी द्या, प्रत्येक माउलीला नवीन ब्लेड मिळतं.

घरी आल्यावर दाढी एकदम ब्लेडने काढायला जाऊ नका. आधी ट्रिमरने बारीक, मग गरम पाण्याचा टॉवेल पाच मिनिटं, मग ब्लेड. खालची कातडी महिनाभर झाकलेली असते, गोरी आणि नाजूक, त्यामुळे संध्याकाळी करा आणि पुढचे आठ दिवस तेवढ्या भागाला सनस्क्रीन लावा.