आधी तळमजला, मग गच्ची: सोसायटीची पावसाळी आणि सोलरची तयारी

सोलर बसवायचं ठरलं की सगळी कमिटी गच्चीकडे बघायला लागते. मुंबईत कुर्ला, सायन, हिंदमाता अशा सखल भागात राहणाऱ्यांनी आधी खाली बघावं. मीटररूममध्ये गुडघाभर पाणी असेल तर वरचं ऊन काय कामाचं? म्हणून ही तयारी तळमजल्यापासून वर जाते आणि मार्चमध्ये सुरू होते. मे महिन्यात अर्धी कमिटी गावी गेलेली असते.

सुरुवात वॉचमनला विचारून करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं हे जुने रहिवासी सांगतील. पण गेल्या पावसाळ्यात पाणी गेटमधून आत आलं की गटाराच्या चेंबरमधून उलटं वर आलं, हे रात्रपाळीच्या माणसालाच ठाऊक असतं. फरक महत्त्वाचा आहे. गेटमधून येणारं पाणी फळ्या आणि वाळूच्या गोण्यांनी थोपवता येतं. चेंबरमधून येणाऱ्याला गोण्या काही करत नाहीत, तिथे प्लंबर बोलावून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवावा लागतो. जुन्या माणसांनी दाखवलेल्या पातळीची रेघ भिंतीवर ऑइल पेंटने मारून घ्या, पुढचं बरंचसं काम त्या रेघेवरून ठरतं.

मीटर, मेन स्विच, पंपाचा पॅनल, सीसीटीव्हीचा डबा यांतलं काय काय रेघेच्या खाली आहे ते बघा आणि जे असेल ते वर घ्या. पंपाचा पॅनल आपला इलेक्ट्रिशियन हलवू शकतो. मीटरला मात्र त्याने हात लावायचा नाही, त्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करायचा: शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. अर्ज, पाहणी, पैसे भरणं यात दिवस जातात, म्हणून तर मार्च. पाणी चढायला लागलं की मेन स्विच कोणी पाडायचा, हेही नावानिशी ठरवा. दोघांची नावं हवीत, कारण एक जण नेमका लोकलमध्ये अडकलेला असतो. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायचं कामही त्यांच्याचकडे द्या.

पाण्याच्या टाकीकडे फार दुर्लक्ष होतं. भूमिगत टाकीचं झाकण कंपाउंडच्या फरशीला सपाट असेल, तर तुंबलेलं गटार थेट पिण्याच्या पाण्यात उतरतं. टाकीच्या तोंडाभोवती रेघेपेक्षा उंच कठडा बांधून घ्या आणि झाकण घट्ट बसणारं करा. गवंड्याचं हे फारसं मोठं काम नाही. एवढं करूनही पाणी आत गेलंच, तर पंप सुरू करायचा नाही. नाहीतर खालची घाण गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून प्रत्येक स्वयंपाकघरात जाते. टाकी उपसून, धुऊन, क्लोरीन घालून मगच पंप.

महापालिका दर वर्षी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. ती छापून नोटीस बोर्डवर लावा. अशा भरतीच्या वेळी शहरातलं पाणी समुद्रात उतरत नाही, त्यामुळे एरवी तासाभरात ओसरणारा पाऊस त्या दिवशी रस्त्यातच साचून राहतो. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आणि मोठी भरती एकाच दिवशी आली, तर गाड्या आदल्या रात्रीच उंचावर नेऊन ठेवा. पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या आकड्यांत लिहिलेला असू द्या.

आता माणसं. तळमजल्यावर कोण एकटं राहतं, कोणाला इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, कोणाला जिना चढवत नाही आणि अशा वेळी दुसऱ्या मजल्यावरचं कोणतं घर उघडायचं, हे त्या घरच्यांशी बोलून आधीच पक्कं करा. वॉचमनचं कुटुंब केबिनच्या मागे राहत असेल तर तेही याच हिशोबात धरा. समोरच्या चाळीतल्या किंवा वस्तीतल्या लोकांना जिना आणि सोसायटीचं ऑफिस उघडून द्यायचं की नाही, यावर सभेत वाद होईल. होऊ द्या, पण मार्चमध्येच होऊ द्या. माझं मत विचाराल तर द्यावं. पहाटे आपलं तुंबलेलं गटार उघडायला येणारा माणूस बहुधा त्याच वस्तीतला असतो. आणि पायाला जखम असताना जो कोणी साचलेल्या पाण्यातून चालला असेल, त्याने ताप येण्याची वाट न बघता डॉक्टर गाठावा. लेप्टो, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप, त्यावरची प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत सुरू झालेली बरी, आणि ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

झाडांची छाटणी वॉर्ड ऑफिसच्या परवानगीनेच होते, तो अर्जही मार्चमध्येच देऊन टाका. बुंध्याभोवतीचं सिमेंट आपणच ओतलेलं असेल तर ते फोडा.

मग गच्ची. पॅनल पंचवीस वर्षं टिकतात, त्यांच्या खालचं वॉटरप्रूफिंग तेवढं टिकत नाही. आधी गळती काढा, एक पावसाळा कोरडा जातो का बघा आणि मगच सांगाडा उभारा. शेवटच्या मजल्यावरचा रहिवासी सोलरच्या ठरावाला हात वर करत नसेल तर बहुतेक वेळा कारण हेच असतं, आणि त्याचं बरोबर असतं. स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटच्या वजनावर उभा राहणारा सांगाडा मिळतो का विचारा, पण वाऱ्याचा हिशोब इंजिनिअरकडून लेखी घ्या. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मुंबईत ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचे झोत आले होते. खारी हवा लोखंड खाते, तेव्हा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेलं) किंवा अ‍ॅल्युमिनियमशिवाय काही घेऊ नका. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) तसंही सक्तीचं आहे, त्यातच पॅनलचं वजनही तपासून घ्या. रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू असतील तर सरळ थांबा. आणि शेजारी टॉवर उठणार असेल तर त्याची सावली कुठवर येईल ते आत्ताच बघा.

एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये अर्थातच कमी. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं सामायिक बिल काढा, वर्षभराचे युनिट मोजा आणि त्या मापाचीच यंत्रणा घ्या. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, मात्र पॅनल भारतात बनवलेल्या सेलचे आणि विक्रेता योजनेत नोंदलेला असावा लागतो. त्याआधी वीजबिलावरचं नाव वाचा. जुन्या सोसायट्यांत सामायिक मीटर अजून बिल्डरच्या नावावर असतं आणि अर्ज तिथेच अडतो.

एक गोष्ट सभेतच स्पष्ट सांगा, नाहीतर पहिल्या अंधाराच्या रात्री सेक्रेटरीची खैर नाही. नेट मीटरिंगवरचा, म्हणजे जास्तीची वीज कंपनीच्या लाइनमध्ये सोडून ती बिलातून वजा करून घेणारा साधा सोलर वीज गेली की आपोआप बंद पडतो, भर दुपारीसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तसंच केलेलं असतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा अशा गच्च्याही गप्प होत्या. जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप चालूच राहायला हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचं कोटेशन वेगळं मागवा, आणि बॅटरी तळमजल्यावर ठेवू देऊ नका.

कोटेशनं ऑक्टोबरमध्ये मागवा, गच्ची वाळल्यावर. गच्ची न बघता फोनवरच आकडा सांगणाऱ्या कंत्राटदाराला परत फोन करायची गरज नाही.