बिनमृत्युपत्राची जमीन, एकाच्या ताब्यात: वकिलाकडे जाण्याआधीची तयारी

पुण्यात स्थिरावलेल्या कितीतरी घरांत हीच गोष्ट आहे. आजोबांची जमीन जुन्नरला, मुळशीला नाहीतर पुरंदरला. मृत्युपत्र नाही, वाटप नाही, आणि वर्षानुवर्षं कसतायत एकटे काका. मग कुणीतरी सांगतं, ‘बारा वर्षं झाली, आता जमीन त्यांचीच.’ हे ऐकून हबकू नका. आणि काकांच्या बाजूचे असाल, तर त्यावर विसंबूही नका.

बारा वर्षांची मुदत खरी आहे. ती 1963 च्या मुदत कायद्यातली, अनुच्छेद 65 मधली. पण सहहिस्सेदारांमध्ये एका वारसाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने हे 1957 पासून सांगितलं आहे. नुसतं कसणं पुरत नाही. ‘तुमचा यात काही हक्क नाही’ असं उघडपणे नाकारलं आणि ते इतरांना कळलं, तिथून बारा वर्षं मोजायची. म्हणून सगळ्यात आधी असं कुणी, कधी, कोणासमोर म्हटलं ते कागदावर लिहून काढा. तसं नाकारून बरीच वर्षं झाली असतील तर एक दिवसही घालवू नका. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा मात्र इथे लावू नका. ती कुळांसाठी होती, आणि मालकाच्या कुटुंबातल्या माणसाला कुळकायदा मानीव कूळ, म्हणजे कायद्याने आपोआप मानलेलं कूळ, धरत नाही.

मग वंशावळ. आजोबांपासून खाली सगळी नावं, मृत्यूच्या तारखा, मृत्यूचे दाखले. आत्यांची नावं गाळू नका. बहुतेक घरांत नेमकी तीच गळतात, आणि मला हे फार खटकतं. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला, तर त्याच्या हिश्शात मुलगी 1956 पासून मुलाच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क जन्मापासूनचा आहे, वडील 9 सप्टेंबर 2005 रोजी, म्हणजे हा हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, हयात असोत वा नसोत. हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र शाबूत राहते, म्हणून तशी झाली होती का ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

उताऱ्यांवर सर्वात जास्त वेळ द्या. आजचा सातबारा आणि 8अ (खातेउतारा) ऑनलाइन मिळतो, पण खरी गोष्ट जुन्या फेरफारांत, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदींत असते. सातबाऱ्यावर दिसणाऱ्या प्रत्येक फेरफार नंबराची नक्कल काढा. ज्या ऑनलाइन सापडत नाहीत, त्या तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. काकांच्या नावापुढे ‘ए.कु.म.’ किंवा ‘ए.कु.क.’ दिसलं तर थांबा. नोंद एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता म्हणून झाली, एकट्याचा मालक म्हणून नव्हे. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आत्यांची नावं असतील, तर तेवढ्याने त्यांचा हिस्सा कमी होत नाही. वारसनोंदीची नोटीस कोणाला बजावली, सह्या कोणाच्या, हेही पाहा. गट नंबर एकत्रीकरणानंतरचा (तुकडे एकत्र करून नव्याने दिलेला) असेल, तर जुना सर्व्हे नंबर शोधल्याशिवाय नोंदींची साखळी जुळणार नाही. आणि फेरफार ही महसुली नोंद आहे, तिने मालकी मिळत नाही. कुणाचं नाव लागलं म्हणून रडायचं नाही, सुटलं म्हणून हरायचं नाही.

ताब्याचे पुरावे दोन्ही बाजूंनी गोळा करा. काकांकडे पीकपाहणी, साऱ्याच्या पावत्या, मोटरचं वीजबिल, सोसायटीचं कर्ज असेल. तुमच्याकडे काय आहे? ‘यंदाचं तांदळाचं पोतं पाठवतोय, तुमच्या वाट्याचं’ असा काकांचा एक मेसेज जरी असला, तरी त्याने तुमचा हिस्सा मान्य केल्याचं दिसतं. फोन बदलण्याआधी तो जपून ठेवा. विहिरीला पाठवलेले पैसे, बँकेची नोंद, जुनी पत्रं, सगळं.

कुणी पूर्वी हक्कसोड दिली आहे का, हे इंडेक्स 2 मध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीत शोधा. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. नुसत्या नोटरीच्या स्टँपपेपरवर भागत नाही. लग्नकार्यात घाईने पुढे केलेल्या कागदावर सही करू नका, आत्यालाही करू देऊ नका.

सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटप होतं, ते सर्वांत स्वस्त आणि शांत. हक्काचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय. फेरफाराची नोटीस आली तर 15 दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर झाली तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाला 60 दिवस असतात. जमीन रिंगरोडच्या किंवा पुरंदर विमानतळाच्या संपादनात येत असेल, तर भूसंपादन अधिकाऱ्यांना हिश्शाची लेखी हरकत आधी द्या, वकील नंतर शोधा. मोबदल्याचा हिशोब उताऱ्यावरच्या नावांपासून सुरू होतो, आणि वाटून गेलेला पैसा परत मिळवणं जमिनीपेक्षा अवघड जातं.