बालवाडीत खुणांची भाषा: आधी पाणी, एबीसीडी नंतर

नागपुरात मानेवाड्याला माझी बालवाडी आहे, तीन ते पाच वर्षांची पोट्टी. एप्रिलात कूलर सुरू झाला की त्या घरघरीत माझाच आवाज मला धड ऐकू येत नाही, पण खिडकीजवळच्या पोरानं हातानं 'पाणी' म्हटलं तर ते फळ्यापासूनही दिसतं. ऐकू येणाऱ्या मुलांना कर्णबधिरांची ही खुणांची भाषा, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा, कशाला, असं विचारणाऱ्यांना मी आधी हेच सांगते. कर्णबधिर मूल वर्गात आलं तर त्याच्याशी बोलणारी चार पोरं तयार असतील, हे दुसरं कारण.

सुरुवात पाच-सहा खुणांनीच करा: पाणी, जेवण, शू, अजून, पुरे, मदत. रंग आणि प्राणी मागाहून. दिवसातून चारदा मागावं लागतं तेच मुलाच्या हातात टिकतं. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि पहिले काही दिवस रडारडीतच जातात. तेव्हा शिकवायला जाऊ नका, तुम्ही स्वतः तेवढ्या खुणा करत राहा. ग्लास समोर असतानाच तोंडानं 'पाणी' म्हणायचं आणि हातानं तेच. सगळ्यांना रांगेत उभं करून "चला, आता पाणी करून दाखवा" हा प्रकार स्नेहसंमेलनाचा, रोजच्या वर्गाचा नाही.

मुलाच्या उंचीला खाली बसा. खिडकीकडे पाठ केली तर तुमचा चेहरा काळा दिसतो, म्हणून उजेड तोंडावर घ्या. हातात खडू नको, मोबाईल तर नकोच. मूल भलतीकडे बघत असेल तर खांद्यावर हलकं थोपटा, किंवा दिवा एकदा बंद-चालू करा. कर्णबधिर माणसं एकमेकांचं लक्ष असंच वेधतात. शाबासकी द्यायची तर दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे, ती त्यांची टाळी. पोरांना ही सगळ्यात आधी येते, आणि दुपारी झोपलेली बारकी पोरं उठत नाहीत हा आमचा फायदा.

चेहऱ्याकडे मात्र बहुतेक टीचर लक्षच देत नाहीत. 'पाणी हवं का?' विचारताना भुवया वर गेल्याच पाहिजेत. सपाट चेहऱ्यानं खूण केली तर पोरगं गोंधळतं, मॅडम विचारून राहिल्या की सांगून राहिल्या? 'काय', 'कुठे' आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. 'तुझं नाव काय' हा क्रम आपल्या पोरांना ओळखीचाच आहे.

खूण वेडीवाकडी झाली तरी चालू द्या. 'जेवण' म्हणजे पाचही बोटं जुळवून तोंडाशी न्यायची. माझ्याकडची एक चिमुकली अख्खी मूठ तोंडात कोंबायची, कोपरापर्यंत लाळ. मी तिचा हात धरून दुरुस्त केला नाही, फक्त दरवेळी माझी खूण नीट केली. दिवाळीनंतर तिची बोटं आपसूक जुळायला लागली.

एका हातानं एबीसीडी दाखवणारा तक्ता बाजारातून आणू नका, तो अमेरिकन आहे. आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी दाखवतात, आणि या वयात अक्षरांची घाई कुणाला आहे! दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश यूट्यूबवर फुकट बघता येतो. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्द झाले. रोज एक शब्द बघा आणि आरशासमोर करा. नागपुरातल्या कर्णबधिर मंडळींची एखादी खूण कोशाहून वेगळी निघाली, तर मी त्यांची घेते.

म्हणूनच वर्गात कर्णबधिर माणूस यायला हवा. २३ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनाला, बोलावून फोटो काढण्यापेक्षा महिन्यातून एकदा बोलवा, आणि मानधन द्या, शाल-नारळावर भागवू नका. आमच्याकडे येणाऱ्या ताईंनी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरं लाकडी नंदी मिरवतात त्या सणाला, नंदी बघता बघता पोरांना खुणेची नावं दिली. ज्याच्या गालावर खळी, त्याचं नाव खळीवर टेकवलेलं बोट. तो पोरगा दिवसभर आपल्याच गालात बोट खुपसून फिरला. अशी नावं आपण ठेवायची नसतात, कर्णबधिर माणसानं द्यायची, ही त्यांची रीत आहे.

"मॅडम, हा बोलणंच सोडून देईल तर?" हे पालक विचारणारच. खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही, असं स्पष्ट सांगा. हुशारी वाढते म्हणून मात्र विकू नका.

एखादं मूल खुणेला लगेच दाद देतं पण मागून हाक मारली तर वळत नाही, असं दिसलं तर त्याला हट्टी ठरवू नका, निदानही करू नका. आईला बाजूला घेऊन जे पाहिलं तेवढंच सांगा आणि मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांच्या कान-नाक-घसा विभागात तपासणीला पाठवा. कधी सर्दीनं कानात पाणी साचलेलं निघतं, कधी श्रवणयंत्र लागतं. यंत्र लागलं तरी वर्गातल्या खुणा बंद करू नका.