जँगोच्या फॉर्ममध्ये ड्रॉपडाउनची यादी क्रमाने कशी लावावी

मालवणच्या आतेभावाला होमस्टेच्या बुकिंगसाठी जँगोमध्ये, म्हणजे पायथनमधल्या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये, एक फॉर्म करून दिला होता. ड्रॉपडाउनमधून किनाऱ्यावरचं गाव निवडायचं, बस. एका सकाळी त्याचा फोन: "अरे, वेंगुर्ला खंय गेला?" गेलं कुठेच नव्हतं, यादीच्या तळाशी होतं. आदल्या रात्री मी 'वेंगुर्ला'चं 'वेंगुर्ले' केलं होतं, तेवढंच निमित्त. क्रम सांगितला नाही तर डेटाबेस कुठलाच क्रम पाळायला बांधील नसतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तर ओळ बदलली की तिची नवी प्रत लिहिली जाते आणि ती यादीत भलतीकडे उगवू शकते.

म्हणून आधी फॉर्मकडे जा. गावाचं फील्ड मॉडेलचॉइसफील्ड (डेटाबेसच्या तक्त्यातून पर्याय घेणारं) असेल तर त्याच्या क्वेरीसेटला, म्हणजे डेटाबेसकडे मागितलेल्या ओळींना, ऑर्डर_बाय लावा आणि त्यात नावाचं फील्ड द्या. लॉगिन केलेल्या माणसाप्रमाणे गावं बदलत असतील तर हेच काम फॉर्मच्या इनिटमध्ये (फॉर्म तयार होताना चालणारं फंक्शन) करा, सुपरने मूळ क्लासचं इनिट बोलावून झाल्यावर. पायथनचं सॉर्टेड इथे नको. त्यातून साधी लिस्ट हाती येते, फील्डला हवा असतो क्वेरीसेट, आणि एरर ठरलेला.

मॉडेलच्या, म्हणजे तक्त्याचं वर्णन करणाऱ्या क्लासच्या, मेटामध्ये ऑर्डरिंग लिहिलं की जँगोच्या तयार ॲडमिन पानांसकट सगळीकडे तोच क्रम येतो. छोट्या यादीला ते सोयीचं.

कोडमध्येच लिहिलेल्या चॉइसेसना सॉर्टेड चालतं, पण कशावरून क्रम लावायचा ते सांगणाऱ्या 'की'मध्ये (key) कोड-नाव जोडीतला दुसरा भाग द्या, म्हणजे दिसणारं नाव. नाहीतर आतल्या कोडप्रमाणे यादी लागते. 'इतर' सॉर्ट झाल्यावर शेवटी हाताने जोडा. आणि प्रत्येक यादी सॉर्ट करायलाच हवी असं नाही. मी उत्साहात मुक्कामाच्या रात्रीही अकारविल्हे लावल्या: एक, चार, तीन, दोन!

खरी गंमत मराठी अक्षरांची. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या पद्धतीत, 'ळ' बसतो 'ल' आणि 'व' यांच्या मधे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. डेटाबेस नुसत्या युनिकोडच्या आकड्यांवर चालत असेल तर वेळणेश्वर, वेळास आधी आणि वेश्वी नंतर येतं. शाळेत वर्णमाला घोकलेला माणूस वेश्वी आधी शोधतो. पोस्टग्रेएसक्यूएल आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीसह बसवलेलं असेल तर त्यात मराठीचं कोलेशन, म्हणजे अक्षरांच्या क्रमाचे नियम, तयार असतं, नाव 'एमआर-एक्स-आयसीयू'. जँगो 3.2 पासून कोलेट हे फंक्शन आहे; ऑर्डर_बायमध्ये नुसत्या नावाऐवजी कोलेट लिहून त्यात फील्डचं आणि या कोलेशनचं नाव द्या. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये हे कोलेशन तयार मिळत नाही, तेव्हा लॅपटॉपवर तो असेल तर सर्व्हरवर चालणारी हीच क्वेरी तिथे एरर देते.

एवढं सगळं करून दाखवलं, तर आतेभाऊ म्हणाला, मुंबईहून गाडी घेऊन येणारा माणूस किनाऱ्याने खाली येतो, त्याला अ-आ-इ-ई काय करायचंय? बरोबर होतं त्याचं. मग मॉडेलमध्ये 'क्रम' नावाचं पूर्णांकाचं फील्ड घातलं आणि उत्तरेकडून आकडे दिले: बाणकोट 10, केळशी 20, हर्णै 30, दाभोळ 40, पुढे जयगड, विजयदुर्ग, देवगड करत रेडीपर्यंत. ऑर्डर_बायमध्ये आधी क्रम, मग नाव. दहा-दहाचं अंतर मुद्दाम ठेवलं. महिन्याभराने आंजर्ल्याचं एक घर आलं, त्याला 25 दिला, बाकी कुणाला हलवावं लागलं नाही.