या चुका टाळा: रेव्हिटमध्ये पहिली भिंत ओढण्याआधी

सांगलीत विश्रामबागला आमचं छोटं ऑफिस आहे. तिथं दर वर्षी नवी पोरं येतात. हातात क्लासचं सर्टिफिकेट, तीन महिन्यांत रेव्हिट (इमारतीचं मॉडेल करून त्यातून नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) 'संपवलेलं'. पहिल्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत तीन मजले उभे करतात, वर गच्चीवर झाडाच्या कुंड्यासुद्धा. मी फक्त जोत्याच्या उंचीचं विचारतो, "प्लिंथ कुठून मोजलीस?" की पोरगं स्क्रीनकडे बघत बसतं.

ही लेव्हलची चूक माझ्या डोक्यात कायमची बसली आहे, म्हणून आधी तीच सांगतो. 2019 च्या पुरानंतर सांगलीत कुठलाही मालक प्लॉट दाखवताना आधी शेजारच्या भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 45 फूट म्हणजे धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. असाच एक मालक म्हणाला, रेघेच्या वर दोन फूट प्लिंथ पाहिजे. सर्व्हेअरने रस्त्याच्या कडेला टीबीएम (उंची मोजायचा तात्पुरता संदर्भ बिंदू) 100.000 मीटर धरला होता, रेघ आली 101.850. म्हणजे प्लिंथ 102.450. हिशेब सोपा.

आमच्या पोराने प्रोजेक्ट बेस पॉइंट (मॉडेलचा स्वतःचा शून्य बिंदू) उचलून त्या रेघेच्या उंचीवर नेला. मजल्यांच्या लेव्हल प्रोजेक्ट बेस पॉइंटपासून वाचत होत्या, रस्त्याची लेव्हल सर्व्हे पॉइंटपासून (सर्व्हेअरच्या आकड्यांशी जुळवलेला बिंदू). मॉडेलमध्ये एका मिलिमीटरचा फरक नव्हता. पण सेक्शनवर (उभ्या छेदाच्या नकाशावर) रस्ता 100.000 आणि प्लिंथ +0.600 असं छापून गेलं. साइट इंजिनिअरने रस्त्यापासून 600 मिमी धरले. त्याला काय बोलणार? प्रिंटवर सही माझी होती.

प्लिंथ बीमचं शटरिंग झालं, सळई बांधून झाली. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्रीचा फोन आला, "साहेब, पुराची रेघ आपल्या शटरिंगच्या वर दिसतीया की." गाडी काढून गेलो. शटरिंगच्या फळीवर उभा राहिलो तर शेजारच्या भिंतीवरची रेघ माझ्या छातीला येत होती. सगळं खोललं, स्ट्रक्चरलवाल्यांकडून कॉलम पुन्हा तपासून घेतले. खर्च कुणी सोसला ते विचारू नका.

तेव्हापासून आमच्या फाइलमध्ये लेव्हलचा एकच टाइप असतो आणि त्याचा एलिव्हेशन बेस सर्व्हे पॉइंट. दुसरा टाइप दिसला की मी बदलायला लावतो, सबब ऐकत नाही. शिवाय सेक्शनवर प्लिंथच्या शेजारी साध्या टेक्स्टमध्ये लिहितो: रस्त्यापासून 2.450 मी. वर. हाताने टेक्स्ट लिहिणं बीआयएमला (सगळी माहिती मॉडेलमध्येच ठेवायच्या पद्धतीला) शोभत नाही म्हणे. नसू दे, मिस्त्रीकडे रेव्हिट नाही.

याचीच सख्खी बहीण म्हणजे सर्व्हेची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) 'ओरिजिन टू ओरिजिन', म्हणजे शून्य बिंदूवर शून्य बिंदू ठेवून, लिंक करणं. टोटल स्टेशन किंवा डीजीपीएस यंत्राने मोजणाऱ्या सर्व्हेअरने यूटीएममध्ये (पृथ्वीच्या झोनवार, मीटरमधल्या निर्देशांकांत) ड्रॉइंग दिलं, तर सांगलीत ते झोन 43 मध्ये पूर्वेला साधारण साडेचार लाख आणि उत्तरेला साधारण अठरा लाख साठ हजार मीटरवर बसतं. रेव्हिटची मर्यादा इंटर्नल ओरिजिनपासून (फाइलच्या न हलणाऱ्या मूळ बिंदूपासून) 16 किलोमीटर. त्यापलीकडे रेषा थरथरायला लागतात, स्नॅप (बिंदू अचूक पकडणं) चुकतात, हॅच (भरणीच्या रेषा) फाटतो. इशारा आला की पोरं ओके दाबतात आणि नंतर ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालतात. मी डीडब्ल्यूजी 'सेंटर टू सेंटर' लिंक करतो, सरकवून ग्रिडशी जुळवतो, मग 'अक्वायर कोऑर्डिनेट्स' (सर्व्हेचे निर्देशांक मॉडेलला घेणं) आणि लगेच पिन. लिंकच करायची, इंपोर्ट नाही. इंपोर्ट करून एक्सप्लोड (सुट्या रेषा) करणाऱ्याला त्या दिवशी माझ्याकडून चहा नाही.

दुसरं दुखणं क्वांटिटीचं. कॉलमच्या आरपार वीटकामाची भिंत ओढायची आणि शेड्यूलमधला (रेव्हिटच्या मोजमाप-तक्त्यातला) आकडा सरळ ठेकेदाराला द्यायचा. स्ट्रक्चरल कॉलम भिंतीतून आपोआप वजा होत नाही, 'जॉइन जॉमेट्री' करावं लागतं. 230 बाय 450 चा कॉलम, 3 मीटर उंची, म्हणजे 0.31 घनमीटर. मजल्यावर असे वीस कॉलम असले तर सव्वासहा घनमीटर, दोन ब्रासहून (ब्रास म्हणजे 100 घनफूट) जास्त वीटकाम नुसतं कागदावर. प्लास्टरचंही तसंच. आयएस 1200 (बांधकाम मोजणीचं भारतीय मानक) प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग वजा करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरचं असेल आणि दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल, तर एकाच बाजूचं वजा करतात. रेव्हिट सगळीच वजा करतं, त्याला आयएस कोड कुणी शिकवलेला नाही. मी शेड्यूल एक्सेलमध्ये काढतो आणि एक खोली टेपने मोजून ताडून बघतो. हळू काम आहे, पण बिलाच्या वेळी भांडण होत नाही.

रूम एरियाची बेरीज करून रेराचा (बांधकाम नियमन कायद्याचा) कार्पेट एरिया सांगू नका. कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशन भिंतींची जागा धरतात, बेरजेत ती येत नाही. वेगळा एरिया प्लॅन करून हद्द हाताने आखा.

एका व्ह्यूमध्ये नको म्हणून डिलीट दाबलं तर ती वस्तू सगळीकडून जाते. 'हाइड इन व्ह्यू' कशासाठी दिलंय?

मॉडेलमध्ये नेटवरून उतरवलेला सोफा. नको.

रेव्हिटच्या वॉर्निंग्ज साठवू नका. 'आयडेंटिकल इन्स्टन्सेस' म्हणजे एकावर एक दोन खिडक्या, आणि शेड्यूल दोन्ही मोजतं. शनिवारी दुपारी आम्ही फक्त तेच काम करतो. पोरांना आवडत नाही.

सेंट्रल फाइल (सगळे मिळून काम करतात ती मुख्य फाइल) थेट उघडू नका आणि पेनड्राइव्हवर टाकून घरी नेऊ नका. न्यायचीच असेल तर 'डिटॅच' करून (मुख्य फाइलपासून तोडून) न्या आणि घरी केलेलं काम परत येणार नाही असं धरून चाला. आणि पुण्याहून आलेली फाइल तुमच्या नव्या व्हर्जनमध्ये उघडून सेव्ह केलीत, तर ती जुन्यात परत जात नाही. अपग्रेडची खिडकी आली की माऊस सोडा आणि आधी त्यांना फोन लावा.