पाण्याचे नमुने लॅबला देताय? या चुका टाळा

पाण्याच्या तपासणीत कोलिफॉर्म (दूषित पाण्याची खूण मानले जाणारे जंतू) शून्य आले की सोसायटी खूश. पण बाटलीत सोडियम थायोसल्फेट होते का, हे कोणी विचारत नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतो. थायोसल्फेट त्याला तिथल्या तिथे थोपवते. ते नसेल तर घणसोलीच्या नळाला जंतू होते आणि लॅबच्या टेबलावर पोहोचेपर्यंत ते मेले, एवढाच त्या शून्याचा अर्थ असू शकतो. म्हणून बाटली लॅबकडूनच निर्जंतुक केलेली, थायोसल्फेट घातलेली घ्या आणि ती विसळू नका, विसळलीत की थायोसल्फेट मोरीत. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्या. झाकण हातातच धरा, ओट्यावर ठेवू नका. वर साधारण अडीच सेंटीमीटर जागा सोडा, नाहीतर लॅबला नमुना नीट हलवता येत नाही.

दुसरी हमखास चूक म्हणजे पाच लिटरचा एकच कॅन भरून ‘यातून सगळं काढा’ म्हणणे. जड धातूंच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड (लिटरला साधारण २ मिली) घालून पीएच २ च्या खाली आणावा लागतो. विरघळलेले धातू हवे असतील तर ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या फिल्टरमधून गाळणे ॲसिडच्या आधी; नंतर गाळलेत तर गाळातले धातूही आकड्यात येतात. सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) आणि अमोनियाला सल्फ्युरिक ॲसिड, बीओडीला (तीच घाण जंतूंना खायला लागणारा ऑक्सिजन) ॲसिड काहीच नाही, फक्त थंडावा. तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची बाटली, थेट प्रवाहात भरलेली. बादलीतून ओतलेत तर तेल बादलीलाच चिकटते. पीएच, तापमान आणि उरलेला क्लोरीन जागेवरच मोजा.

ठाणे खाडीच्या नमुन्यावर भरती की ओहोटी हे लिहिले नसेल तर दोन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. पाणी खाडीचे आहे हेही लॅबला सांगा. क्लोराइड लिटरला २००० मिलिग्रॅमच्या वर गेले की नेहमीच्या पद्धतीत सीओडी फुगून येतो.

लेबल बाटलीवर लावा, झाकणावर नको, झाकणे अदलाबदल होतात. बर्फाच्या पेटीत बॉलपेनची शाई पसरते, पक्का मार्कर वापरा. फॉर्मवर नेमकी जागा (‘तळमजल्याची टाकी’, नुसते ‘टाकी’ नाही), वेळ, घातलेले ॲसिड, आणि नमुना कोणी कोणाला किती वाजता दिला, हे तिथेच भरा. रिपोर्टमध्ये बीओडी सीओडीपेक्षा जास्त दिसला (तसा तो यायला नको) तर बाटल्या बदलल्या का, सीओडीला ॲसिड राहिले का, हे शोधायला हाच कागद लागतो.

जंतूंचा नमुना १० अंशांच्या खाली ठेवून सहा तासांत पोहोचवायचा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची संध्याकाळची वाहतूक कोंडी त्यात धरा. बीओडीचा नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात, म्हणजे गुरुवारी लावलेला रविवारी काढावा लागतो. रविवारी लॅब बंद असेल तर गुरुवारी निघण्याआधी फोन करा.